त्राग्याला कुठली अंगठी? जेसन टॉड : एक प्रकरण अभ्यास

खोलीत तिघं आहेत. जोकर ओलीस आहे. त्याच्या डोक्याला पिस्तूल लावून जेसन टॉड उभा आहे. कधीकाळी हाच मुलगा रॉबिन, म्हणजे बॅटमॅनचा छोटा साथीदार होता आणि याच जोकरने त्याला पहारीने झोडपून, वर बॉम्ब लावून मारलं होतं. समोर बॅटमॅन आहे, जेसनला रस्त्यावरून उचलून घरी आणणारा, त्याचा बापच म्हणावा असा माणूस. जेसनने दुसरं एक पिस्तूल त्याच्याकडे दिलंय. अट सरळ आहे : मी आता याला गोळी घालणार, थांबवायचं असेल तर मला गोळी घाल.

हा प्रसंग ‘बॅटमॅन’च्या ६५०व्या अंकातला, २००६ सालचा. जड विनिक यांनी लिहिलेल्या ‘अंडर द हूड’ या कथेचा शेवट. त्याच काळात डीसी कॉमिक्सच्या दुसऱ्या टोकाला जेफ जॉन्स ग्रीन लँटर्नच्या, म्हणजे हिरव्या अंगठीच्या बळावर लढणाऱ्या नायकांच्या कथांमध्ये एक वेगळीच व्यवस्था उभी करत होते : भावनेवर चालणाऱ्या सात रंगांच्या अंगठ्या. २००७च्या सिनेस्ट्रो युद्धापासून ती व्यवस्था उलगडत गेली आणि २००९-१०च्या ‘ब्लॅकेस्ट नाइट’मध्ये सगळे रंग एकत्र आले. या दोन कथा त्या खोलीत कधी भेटल्या नाहीत. पण वाचक त्या भेटवत राहतात, मीही भेटवतो. त्या क्षणी छत फोडून एक अंगठी आत आली आणि जेसनच्या बोटासमोर थांबली, तर ती कुठल्या रंगाची असावी?

जवळपास सगळे म्हणतात, लाल. मीही बरीच वर्षं लालच म्हणत होतो. आता म्हणत नाही. मत कसं बदललं, ते इथे सविस्तर मांडतो.

अंगठ्यांचे नियम

रंगांचा क्रम शाळेतल्या तानापिहिनिपाजाचाच आहे. तांबडा म्हणजे राग, नारिंगी लोभ, पिवळा भय, हिरवा इच्छाशक्ती, निळा आशा, पारवा करुणा, जांभळा प्रेम. हिरवा मधोमध. त्याच्यापासून जितकं दूर जावं तितकी भावना अंगठी घालणाऱ्यावर स्वार होते. दोन्ही टोकांना, तांबड्यात आणि जांभळ्यात, माणूस अंगठी चालवतो की अंगठी माणसाला, हे सांगणं अवघड होतं. हा नियम पुढे फार कामाचा आहे.

एरवी सुपरपॉवर मिळते ती अपघाताने किंवा जन्माने. इथे अंगठी माणूस निवडते. जिच्यावर तिचा प्रकाश जळतो ती भावना त्याच्यात आधीच भरलेली असावी लागते. आणि प्रत्येक अंगठी देते तसं काहीतरी घेतेही. म्हणून ‘याला कुठली शोभेल’ एवढं विचारून भागत नाही. याच्याकडे काय आहे, अंगठी याचं काय काढून घेईल आणि त्या खोलीत ती काय करू देईल, हे तिन्ही बघावं लागतं.

पूर्वेतिहास

जेसन पहिल्यांदा आला १९८३मध्ये. तेव्हा तो जवळजवळ आधीच्या रॉबिनची, डिक ग्रेसनची नक्कल होता : सर्कशीतल्या कसरतपटूंचा अनाथ मुलगा. आज आपण ओळखतो तो जेसन १९८७चा. मॅक्स ॲलन कॉलिन्स यांनी त्याची जन्मकथा नव्याने लिहिली. आता तो क्राइम अ‍ॅलीतला रस्त्यावरचा पोरगा होता आणि बॅटमॅनने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते बॅटमोबिलचे टायर काढताना. ही भेट मला अतिशय आवडते. ज्या गल्लीत ब्रूसचे, म्हणजे बॅटमॅनचेच, आईवडील मारले गेले, त्याच गल्लीत त्याला एक असा मुलगा भेटतो ज्याला कोणाचीच भीती वाटत नाही.

पुढे १९८८मध्ये एक प्रकरण घडलं, ज्याकडे मला वाटतं पुरेसं लक्ष दिलं जात नाही. फेलिपे गार्झोनास नावाचा एका राजनैतिक अधिकाऱ्याचा मुलगा, वडिलांच्या पदाच्या आडोशाने कायद्यापासून सुटलेला. त्याने छळलेल्या तरुणीने गळफास घेतला. प्रेत पहिल्यांदा पाहिलं ते जेसनने. त्यानंतर फेलिपे उंच गच्चीवरून खाली पडला, तेव्हा वर जेसन होता. त्याने ढकललं की तो घाबरून निसटला, हे कथेने उघड ठेवलं. बहुतेक जण हा प्रसंग जेसनच्या रागाचा पुरावा म्हणून दाखवतात. पण राग आला कुठून, तेही त्याच अंकात आहे : एका अनोळखी मुलीचं दुःख त्याला सोसवलं नाही.

मग ‘अ डेथ इन द फॅमिली’. जेसन आपल्या सख्ख्या आईला शोधत इथिओपियापर्यंत जातो. ती सापडते, आणि त्याला जोकरच्या हाती देते. एका गोदामात पहारीचे घाव, मग बॉम्ब. शेवटच्या क्षणी, त्याच आईला वाचवण्यासाठी हा मुलगा तिच्या आणि स्फोटाच्या मध्ये स्वतःचं शरीर घालतो. धोका दिलेल्या बाईसाठी.

त्याने जगावं की मरावं हे वाचकांनी फोन करून ठरवलं. दोन नंबर, दर फोनला ५० सेंट, ३६ तास. मरावा म्हणणारी मतं ५,३४३, जगावा म्हणणारी ५,२७१. फरक ७२चा. हे आकडे मी अनेकदा वाचले आहेत आणि दर वेळी अंगावर काटा येतो. त्याच्यासाठी रंग निवडायला बसलेले आपण वाचक त्याच्याबाबत तटस्थ नाही. एकदा मतदान करून झालंय. या वेळी तरी नीट विचार करून बोट दाबावं, असं मला मनापासून वाटतं.

तो परतला तेव्हा शवपेटी आतून फोडून, माती उकरून वर आला होता. भान हरपलेल्या जेसनला ब्रूसच्या जुन्या प्रेयसीने, तालियाने, माणसाला नवं आयुष्य देणाऱ्या लाझरस कुंडात उतरवलं आणि तो पूर्ण शुद्धीवर आला. शुद्धीवर आल्यावर त्याला दोन गोष्टी कळल्या. जोकर जिवंत आहे. आणि रॉबिनचा पोशाख आता दुसरा मुलगा, टिम ड्रेक, घालतो. त्याचा स्वतःचा पोशाख गुहेत काचेच्या कपाटात होता. ब्रूसने त्याला विसरलेलं नव्हतं, पण जेसनला दिसलं ते एवढंच की आपली जागा भरली गेली आणि आपला सूड कोणी घेतला नाही.

मग त्याने रेड हूड हे नाव घेतलं, जे कधीकाळी जोकरचंच होतं. गॉथममधल्या अमली पदार्थांच्या धंदेवाल्यांना एकत्र बोलावलं, त्यांच्या खास माणसांची मुंडकी पिशवीत घालून समोर टाकली आणि धंदा आपल्या हाताखाली घेतला. अट घातली : लहान मुलांना माल विकाल तर मराल.

राग, रुसवा, त्रागा

इथे मला आपली भाषा मदतीला येते. अंगठ्यांच्या त्या व्यवस्थेत तांबड्या रंगाला एकच शब्द आहे. मराठीत एकट्या ‘राग’ने भागत नाही. चीड वेगळी, संताप वेगळा. रुसवा तर अगदीच वेगळा, कारण परक्यावर कोणी रुसत नाही. रुसायला आपलं माणूस लागतं आणि त्याने समजूत काढायला यावं, ही अपेक्षा रुसव्याच्या पोटातच असते. आणि याच्याही पुढची पायरी म्हणजे त्रागा. त्राग्यात माणूस स्वतःलाच दुखवून घेतो, स्वतःचीच वस्तू फोडतो, स्वतःच उपाशी राहतो, आणि हे सगळं जवळच्या कोणाच्या तरी डोळ्यांदेखत. बघणारं कोणी नसेल तर त्रागा होत नाही.

आता ती खोली पुन्हा बघा. ‘याला मारू दे, नाहीतर मला मार.’ कॉमिक्समध्ये मी याहून निखळ त्रागा पाहिलेला नाही. स्वतःचं डोकं बापाच्या पिस्तुलासमोर धरून तो विचारतोय की तुला मी हवा होतो की नाही. त्याचं बोलणंही तेच सांगतं. पेंग्विनला, स्केअरक्रोला, डेंटला, म्हणजे बॅटमॅनच्या बाकीच्या शत्रूंना मारण्याविषयी तो बोलत नाही. फक्त हा एक, आणि तोही यासाठी की याने मला तुझ्यापासून तोडलं.

नाट्यशास्त्रात आठ स्थायी भाव आहेत आणि तेहेतीस व्यभिचारी भाव, म्हणजे लाटांसारखे येऊन जाणारे. त्या तेहेतिसांत ‘अमर्ष’ आहे : अपमान, उपेक्षा सहन न होणं. क्रोध मात्र स्थायी भावांत आहे, शोकही. जेसनला लाल देणारे त्याचा स्थायी भाव क्रोध धरतात. मला वाटतं त्याचा स्थायी भाव शोक आहे आणि वर सतत उसळत राहतो तो अमर्ष. गंमत अशी की सात रंगांमध्ये शोकाला रंगच नाही. म्हणून या प्रकरणात कुठलीच अंगठी अचूक बसणार नाही, आणि निवड सोपी नाही ती त्यामुळेच.

पुरावा मागाल तर एकच पण भक्कम आहे. कथेच्या मध्यावरच जेसनने जोकरला एकट्याला गाठलं होतं. हातात पहार होती. त्याने त्याला त्याच पहारीने मारलं, आणि जिवंत ठेवलं. क्रोध स्थायी असता तर गोष्ट तिथेच संपली असती. जोकर हवा होता तो साक्षीसाठी. खरी फिर्याद दुसऱ्याच माणसाविरुद्ध होती.

लाल का नाही

लाल अंगठी बोटात गेली की हृदयाचं काम स्वतःकडे घेते. रक्त जळतं, तोंडातून आग ओकली जाते. अंगठी काढली तर मृत्यू. आणि लाल अंगठीवाल्यांचा म्होरक्या अट्रोसिटस, त्याच्या टोळीत नव्याने आलेल्यांची भाषाही जाते. उरते ती गुरगुर. ज्या मुलाला आयुष्यात एकाच माणसाला एकच प्रश्न विचारायचा आहे, त्याची वाचा काढून घेणारी अंगठी त्याच्या बोटात घालायची? त्या खोलीत लाल अंगठीवाला जेसन जोकरला दोन सेकंदांत जाळेल आणि बॅटमॅन काही म्हणायच्या आत सगळं संपलेलं असेल. प्रश्न न विचारताच.

मेराचं उदाहरण इथे बोलकं आहे. ‘ब्लॅकेस्ट नाइट’मध्ये ॲक्वामॅनच्या या पत्नीला लाल अंगठीने निवडलं. तिचं मूल गेलेलं, नवरा गेलेला आणि प्रेतरूपाने समोर उभा. तिचा राग खरा होता, पण तो ज्याच्यावर उभा होता ते दुःख होतं. आणि तिला त्या लाल प्रकाशातून परत आणायला जांभळ्या आणि निळ्या, दोन्ही प्रकाशांची मदत लागली. दुःखी माणसाला लाल अंगठी पकडते, यात शंका नाही. म्हणून ती त्याला शोभते, असं होत नाही.

नारिंगीचा विचार एका ओळीत संपतो : नारिंगी अंगठीवाल्या लार्फ्लीझसारखा ‘सगळं माझं’ म्हणणारा जेसन नाही, त्याला हवं ते एकच आहे आणि ते वस्तू नाही.

पिवळी मात्र प्रामाणिकपणे तोलावी लागते. भीती निर्माण करण्याची जेसनची ताकद वादातीत आहे. भीतीच्या बळावर गुन्हेगारीला शिस्त लावायची, ही रेड हूडची पद्धत आणि धाकाने विश्वात सुव्यवस्था आणायची हा पिवळ्या टोळीच्या म्होरक्याचा, सिनेस्ट्रोचा विचार, दोन्ही सख्खी भावंडं वाटावीत इतकी जवळ आहेत. गॉथमच्या रस्त्यावर कुठली अंगठी सर्वांत उपयोगी, असा प्रश्न असता तर मी पिवळीच म्हटलं असतं. पण प्रश्न खोलीचा आहे. तिथे तो कोणाला घाबरवणार? जोकर तर हसतोय. आणि बॅटमॅनला २००७मध्ये पिवळ्या अंगठीने स्वतः निवडलं होतं. त्याने ती झटकली आणि ती दुसऱ्या कोणाला शोधत निघून गेली. शिवाय बापाने आपल्याला भ्यावं असं जेसनला वाटतच नाही. त्याच्या मागणीच्या नेमकं उलट आहे ते.

हिरवीची पात्रता त्याच्यात नक्की आहे. कबर उकरून वर आलेल्या माणसाच्या इच्छाशक्तीवर कोण शंका घेईल? अडचण अशी की इच्छाशक्ती त्याच्याकडे आधीच ओसंडून आहे आणि तिच्यामुळे त्याचं काही भलं झालेलं नाही. तिने त्याला फक्त त्या खोलीपर्यंत आणलं.

पारवी आणि जांभळी

या दोन अंगठ्यांपाशी मी सर्वांत जास्त अडलो.

पारवी म्हणजे करुणा. फेलिपेचं प्रकरण, आईसाठी घातलेलं शरीर, लहान मुलांना माल विकू नका ही अट, सगळं एकत्र ठेवलं तर जेसनच्या रागाची मुळं करुणेतच दिसतात. शिवाय पारव्या टोळीची ताकद विलक्षण आहे : जवळ असलेल्या कुठल्याही रंगाचा प्रकाश ते वापरू शकतात. रंग ठरत नसलेल्या माणसाला याहून योग्य काय? काही काळ मी इथेच थांबलो होतो.

पण पारव्या टोळीचं रहस्य उघडल्यावर मत बदललं. ते शांत, कनवाळू लोक मुळात भयंकर गुन्हेगार होते. ज्यांच्यात करुणा नव्हती त्यांच्यावर ती अंगठीने लादली होती. त्यांची पुढारी इंडिगो-१, जिचं मूळ नाव इरोक, तिच्या हातून अबिन सुर या ग्रीन लँटर्नच्या मुलीचा जीव गेला होता. म्हणजे ही अंगठी तुरुंग आहे. सुधारणा घडवणारा असेल, पण तुरुंगच. जेसनने खून केले आहेत आणि मेलेल्यांचं दुःख त्याला आतून जाणवावं, असं कोणी म्हणालं तर मी नाकारणार नाही. पण त्याच्यात करुणा नाही हे निदानच चुकीचं आहे. आणि पारवी अंगठी घातलेला जेसन त्या खोलीत ब्रूसची बाजू इतकी पूर्ण समजून घेईल की स्वतःची मांडायलाच विसरेल. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच समजूतदारपणाची सक्ती करायची, हे मला पटत नाही. घराघरांत असं होतं आणि तिथेही मला ते पटत नाही.

जांभळी म्हणजे प्रेम. इथे निदान बरोबर आहे. त्राग्याच्या तळाशी प्रेमच असतं. पण आधी सांगितलेला नियम आठवा : जांभळा टोकाला आहे, भावना माणसावर स्वार होते. जांभळ्या टोळीचा, स्टार सफायरचा इतिहास याच गोष्टीचा आहे. कॅरल फेरिस ग्रीन लँटर्न हॅल जॉर्डनवर प्रेम करते आणि त्या रत्नाच्या प्रभावाखाली त्याच्यावरच हल्ला करते. प्रेमाची मालकी होते. जेसनची मागणी आधीच ‘प्रेम असेल तर सिद्ध कर’ अशी आहे. जांभळी अंगठी तीच मागणी दसपट करेल. ताप ओळखला, पण औषध म्हणून आणखी ताप दिला, असं काहीसं.

निळी

निळ्या अंगठीबद्दल पहिली आठवण ठेवायची ती तिच्या पहिल्या धारकाची. सेंट वॉकर. त्याचा सूर्य विझत होता. आपल्या लोकांना वाचवणारा कोणी डोंगरमाथ्यावर भेटेल म्हणून तो कुटुंब घेऊन चढायला लागला. वाटेत एकेक करून सगळे गेले. माथ्यावर पोचला तेव्हा तिथे कोणी नव्हतं. निळी अंगठी या माणसाला मिळाली. म्हणजे आशेचा हा रंग सुखी माणसांसाठी नाही. ज्याच्या शोकाला रंग सापडला नाही, त्याच्या हातात तो आला. शोक आणि निळा यांची ही जवळीक माझ्या निवडीच्या मुळाशी आहे.

पण जेसनमध्ये आशा आहे का? अंगठी निवडते, हा नियम आहे, आणि जेसनकडे पाहून ‘आशावादी’ हा शब्द कोणाच्या तोंडी येणार नाही. माझं उत्तर पुन्हा तेच : जोकर जिवंत होता. ज्याची आशा संपली आहे तो ओलीस ठेवत नाही, अट घालत नाही, दुसरं पिस्तूल देत नाही. एवढा मोठा बनाव त्याने रचला तो एकाच शक्यतेसाठी, की या वेळी बाप मला निवडेल. मरणातून उठून आलेल्या माणसाने बाळगलेली ही आशा आहे. ती अपेक्षेच्या, हट्टाच्या रूपात आहे, तिला त्या रात्रीची मुदत आहे, म्हणून ओळखू येत नाही एवढंच.

आता त्या अंगठीचा विचित्र नियम. निळी एकटी फारसं काही करत नाही. उडता येतं, अंगाभोवती संरक्षक कवच राहतं. तिची खरी ताकद जवळ हिरवी अंगठी असेल तेव्हाच खुलते, कारण इच्छाशक्तीशिवाय आशा नुसतीच तरंगते. अनेकांना हा निळीचा दोष वाटतो. जेसनसाठी मला हाच गुण वाटतो. या अंगठीने तो जोकरला जाळू शकत नाही. मुंडकी उडवू शकत नाही. तिच्यासोबत राहायचं तर कोणाच्या तरी जवळ उभं राहावं लागतं. आणि लाल प्रकाशाची आग विझवायची ताकद याच प्रकाशात आहे. मेरासाठी सेंट वॉकरने तेच केलं. त्यामुळे उद्या जेसनला दुसऱ्या कुठल्या कथेत लाल अंगठीने पकडलंच, तरी परतीचा रस्ता निळाच असणार.

मला टोचणारी शंका

एक आक्षेप मी स्वतःच घेतो, आणि तो किरकोळ नाही. मार खाल्लेल्या मुलाचं बरं होणं बापाच्या जवळ असण्यावर अवलंबून ठेवायचं का? ब्रूस बदलला नाही तर जेसनने काय करायचं? त्या खोलीत ब्रूसने शेवटी तिसरा मार्ग काढला : बॅटरँग फेकला, आणि तो जेसनच्या मानेला लागला. मग जोकरने स्फोट घडवला. बापाने मुलाला मारलंही नाही आणि निवडलंही नाही. अशा माणसाच्या शेजारी उभं राहून अंगठी उजळायची वाट बघायची, हे ऐकायलाही क्रूर वाटतं. ब्रूसने स्वतः २००६मध्ये हॅलची हिरवी अंगठी काही क्षण बोटात घालून पाहिली होती आणि काढून परत दिली होती. त्याचीच इच्छाशक्ती जुन्या गल्लीत अडकलेली आहे.

पण नियमात ‘हिरवी जवळ हवी’ एवढंच म्हटलंय. ती बापाची हवी, असं नाही. आणि इथे कॉमिक्सने नकळत एक फार मोलाची गोष्ट करून ठेवली आहे. २००७-०८च्या ‘काउंटडाउन’ या साप्ताहिक मालिकेत जेसन अनेक समांतर विश्वांमधून फिरतो, आणि त्याच्या सोबत असतात डोना ट्रॉय आणि काइल रेनर, म्हणजे खराखुरा ग्रीन लँटर्न. आठवड्यांमागून आठवडे. काइलने स्वतःची माणसं गमावलेली. त्याची प्रेयसी अलेक्झांड्रा १९९४मध्ये मारली गेली होती. शोक म्हणजे काय हे त्याला सांगावं लागत नाही.

त्याच प्रवासात जेसन अशा एका पृथ्वीवर पोचतो जिथल्या बॅटमॅनने आपल्या रॉबिनच्या मृत्यूनंतर खरोखरच खलनायकांना संपवलं होतं. जेसनने जे मागितलं होतं ते तिथे घडलेलं होतं. तो त्या बॅटमॅनच्या बाजूला नवा पोशाख घालून उभाही राहिला. पण घरी आल्यावर, २००९मध्ये, तो पुन्हा खून पाडत होता, या वेळी बॅटमॅनच्याच वेषात. मागणी पूर्ण झालेली डोळ्यांनी पाहूनही जखम भरली नव्हती, कारण जोकरचा मृत्यू ही त्याची मागणी कधी नव्हतीच. मला लालपासून निळ्याकडे आणणारा शेवटचा पुरावा हा होता.

कुणी लिहिलंच तर

मी हे प्रकरण लिहायला घेतलं तर अंगठी शेवटच्या खोलीत आणणार नाही. तिथे फार उशीर झालेला असतो, दोन पिस्तुलं बाहेर निघालेली असतात. अंगठी यावी ती आधीच्या रात्री, जेव्हा जेसन, जोकर आणि पहार एवढेच तिथे असतात. जवळ हिरवं काही नाही, त्यामुळे निळा प्रकाश जोकरला ओरखडाही काढू शकत नाही. तो फक्त जेसनभोवती उभा राहतो, जसं त्या गोदामात त्याच्याभोवती कोणी उभं राहायला हवं होतं.

मग तो पहार खाली ठेवून उडतो. थेट ब्रूसकडे नाही, आधी काइलकडे. अंगठी नीट पेटायला थोडे दिवस लागतील, ते जाऊ द्यावेत. त्यानंतर एके रात्री तो गुहेत उतरतो, त्या काचेच्या कपाटाजवळ. ब्रूस येईपर्यंत स्वतःचाच जुना पोशाख बघत बसतो. ब्रूस येतो. प्रश्न तोच आहे, एक शब्दही बदललेला नाही : तो अजून जिवंत का आहे? मी ब्रूसला उत्तर लिहून देणार नाही. त्याला बोलायला वेळ लागेल, आणि या वेळी कोणी आकडे मोजत नसेल, गोळी सुटायची घाईही नसेल. जेसन तिथेच बसून राहतो.